हरिकेनच्या जुन्या नोंदी आणि हवामानबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संख्याशास्त्र शिकवते. दर वर्षी प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की दोन-चार मुलं तरी तेच वाक्य घेऊन येतात: "मॅडम, हवामानबदलामुळे हरिकेन वाढलीत हे दाखवायचंय, डेटा कुठे मिळेल?" डेटा पाच मिनिटांत मिळतो. "दाखवायचंय" या शब्दावरून मात्र पुढचे पंधरा दिवस आमची वादावादी चालते. त्यात पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. पुढच्या बॅचला हे वाचायला दिलं की मला निदान चहा तरी निवांत पिता येईल.

हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ वेगवेगळं असतं का?

नाही. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. ‘सायक्लोन’ हा शब्द तर कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या तिथल्या अधिकाऱ्याने तो १८४८ साली रूढ केला. वाऱ्याचा वेग ३४ नॉट झाला (ताशी ६३ किमी) की अटलांटिकमधल्या वादळाला नाव मिळतं, ६४ नॉटला (ताशी ११९ किमी) ते हरिकेन होतं आणि ९६ नॉटच्या पुढे ‘मोठं’ हरिकेन, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून केलेल्या पाच कॅटेगरींतली तिसरी ते पाचवी.

कोणता डेटा घ्यावा?

अटलांटिकसाठी ‘हरडॅट-२’. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची ही फाइल १८५१पासूनची आहे आणि फुकट आहे. जगभराचं काम करायचं असेल तर ‘आयबीट्रॅक्स’, त्यात निरनिराळ्या देशांच्या हवामान खात्यांच्या नोंदी एकत्र आहेत. पहिल्या प्रोजेक्टसाठी हरडॅटच घ्या. एका समुद्राची भानगड पुरेशी असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. हरडॅटची जुनी आवृत्ती १९६०च्या दशकात अपोलो अंतराळ मोहिमेसाठी बनली. यान उडवायचं तर वादळ कुठे जाईल याचा अंदाज हवा, आणि त्यासाठी जुन्या वादळांचे मार्ग हवेत, एवढाच तिचा हेतू. शंभर वर्षांतला हवामानाचा कल हिच्यातून काढायचा, असं ती रचणाऱ्यांच्या डोक्यात नव्हतं. आपण हिशेबाची वही रोजनिशी म्हणून वाचतोय.

फाइल उघडली, पण नुसते आकडे आणि स्वल्पविराम दिसतात. वाचायची कशी?

२००५मध्ये अमेरिकेत लुइझियानावर आदळलेलं कतरिना हरिकेन घेऊ. तिची शीर्षकाची ओळ (मूळ रोमन अक्षरं नागरीत लिहिते) अशी आहे: एएल१२२००५, कतरिना, ३४. म्हणजे अटलांटिक, २००५ सालचं बारावं वादळ, खाली ३४ ओळी आहेत. त्यातली एक ओळ:

२००५०८२९, १११०, एल, एचयू, २९.३एन, ८९.६डब्ल्यू, ११०, ९२०

२९ ऑगस्ट २००५, जागतिक वेळ ११:१०, म्हणजे लुइझियानात सकाळचे सव्वासहा वाजायला आलेत आणि आपल्याकडे दुपारचे चार-चाळीस. ‘एल’ म्हणजे वादळाचा डोळा (मधला शांत भाग) इथे जमिनीवर आला. ‘एचयू’ म्हणजे हरिकेन. मग अक्षांश, रेखांश, वारा ११० नॉट, केंद्रातला दाब ९२० मिलिबार. साध्या ओळी दर सहा तासांच्या असतात (०, ६, १२, १८ वाजता), ही मधलीच खास ओळ आहे.

तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत दर वर्षी कोणीतरी पडतंच.

पहिला: माहिती नसली की दाबाच्या जागी उणे ९९९ लिहिलेलं असतं. एका मुलाने ते तसंच सरासरीत घेतलं. एकोणिसाव्या शतकातल्या वादळांचा सरासरी दाब शून्याच्या खाली गेला आणि "दाब वाढतोय, म्हणजे वादळं दुबळी होतायत" असा निष्कर्षही त्याने लिहून आणला. दुसरा: ‘डब्ल्यू’ म्हणजे पश्चिम रेखांश, त्याला उणे चिन्ह द्यायचं. ते विसरलात तर कतरिना तिबेटात शिगात्सेजवळ उतरते आणि १९९२चं अँड्र्यू फ्लोरिडा सोडून थेट बुंदेलखंडात, बांदा शहरावर. तिसरा: वादळांच्या ऊर्जेची बेरीज करताना (हे माप पुढे येतंय) ‘एल’वाल्या मधल्या ओळीही मोजल्या जातात आणि बेरीज फुगते. फक्त सहा-सहा तासांच्या ओळी ठेवा.

१८५१पासून दर वर्षीची वादळं मोजली. आलेख चढता आहे. झालं ना सिद्ध?

इथेच सगळ्यांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८५१ साली भर समुद्रातलं वादळ कळायचं कसं? एखादं जहाज त्यात सापडलं पाहिजे, ते वाचलं पाहिजे, बंदराला लागलं पाहिजे आणि कप्तानाची वही कोणाच्या तरी हाती पडली पाहिजे. वादळाच्या डोळ्यात सापडलेली जहाजं बरेचदा वहीसकट बुडत. किनाऱ्याचीही तीच गत. दक्षिण फ्लोरिडात तेव्हा वस्तीच तुरळक होती. वादळ येऊन गेलं तरी लिहायला माणूस नाही.

पुढे बघणारे वाढत गेले. क्युबातल्या हवानात बेनितो विन्येस हे जेझुइट पाद्री १८७०पासून ढगांच्या दिशेवरून वादळाचा माग काढत होते. १९०९मध्ये जहाजावरून बिनतारी यंत्राने हरिकेनची पहिली बातमी आली. याला एक गमतीदार उलटी बाजू आहे. इशारे मिळायला लागल्यावर जहाजं वादळ टाळायला लागली, म्हणजे मधोमध जाऊन मोजणारेच कमी झाले. १९१४ला पनामा कालवा उघडला आणि जहाजांच्या वाटाच बदलल्या. महायुद्धांत रहदारी आटली, पाणबुड्यांच्या धाकाने जहाजं बिनतारी बंद ठेवून जाऊ लागली. जुलै १९४३मध्ये टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन भागावर आलेलं वादळ लोकांना जवळजवळ न सांगताच आलं. त्याच वादळात जोसेफ डकवर्थ नावाचा लष्करी वैमानिक, पैजेखातर म्हणतात, प्रशिक्षणाचं एक इंजिनाचं विमान घेऊन शिरला आणि सुखरूप परतला. पुढच्या वर्षीपासून विमानं नियमाने जाऊ लागली. १९६०ला टायरॉस-१ हा पहिला हवामान उपग्रह आला आणि त्याच दशकाच्या मध्यापासून अख्ख्या अटलांटिकवर रोजची नजर राहू लागली.

आता तुमचा चढता आलेख समोर ठेवा आणि या तारखा त्यावर खुणा करून बघा. चढाचा बराच भाग वादळांचा नाही, बघणाऱ्या डोळ्यांचा आहे.

हे नुसतं माझं मत नाही. हरिकेनचे अभ्यासक क्रिस लँडसी आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये वादळांचे दोन गट केले: दोन दिवसांच्या आत संपलेली आणि जास्त टिकलेली. वाढ बहुतेक सगळी पहिल्या गटात निघाली. भर अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या बाजूला उठून छत्तीस तासांत विरणारं वादळ १८९० साली कोणाला दिसणार होतं? जास्त टिकणाऱ्यांमध्ये जहाजांच्या विरळपणाची दुरुस्ती केली की लक्षात येण्याजोगा कल उरत नाही. २०२१मध्ये गॅब्रिएल वेकी यांच्या गटाने मोठ्या हरिकेनसाठी हेच केलं. त्यांच्या हिशेबात १९८०नंतरची वाढ ही शतकभराच्या चढाचा भाग ठरत नाही, १९६० ते ८०च्या दशकांतल्या खोल घसरणीतून वर येणं ठरते.

मग सरळ उपग्रहांच्या काळापासून सुरुवात करू?

करा, पण मग दुसरी अडचण. १९७० आणि ८०ची दशकं अटलांटिकमध्ये शांत होती आणि १९९५पासून पुन्हा धुमाकूळ सुरू झाला. खड्ड्यातून सुरुवात केली की कोणतीही वाट चढतीच दिसणार.

तो खड्डा का पडला यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काही जण अटलांटिकच्या तापमानाच्या दशकांच्या नैसर्गिक चढउताराकडे बोट दाखवतात. दुसरं कारण मला जास्त पटतं: त्या काळात अमेरिका आणि युरोपच्या कारखान्यांचा गंधकयुक्त धूर सूर्यप्रकाश अडवून समुद्र थंड ठेवत होता. प्रदूषणाचे कायदे आले, हवा स्वच्छ झाली, पाणी तापलं. हिरोयुकी मुराकामी यांच्या २०२२च्या अभ्यासात चाळीस वर्षांतल्या या घटीमुळे अटलांटिकमधली वादळं सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली असं आलं, तर चीन आणि भारताच्या वाढलेल्या धुरामुळे पश्चिम पॅसिफिकमधली सुमारे १४ टक्क्यांनी घटली. माणसाचा हात दोन्हीकडे आहे, पण कार्बन डायऑक्साइडचा म्हणून नाही. प्रोजेक्टमध्ये "मानवनिर्मित" आणि "हरितगृह वायूंमुळे" हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

निदान अलीकडच्या नोंदी तरी पक्क्या असतील?

अँड्र्यूचं ऐका. ऑगस्ट १९९२मध्ये ते मायामीच्या दक्षिणेला आदळलं तेव्हा वारा १२५ नॉट धरला गेला, म्हणजे चौथी कॅटेगरी. दहा वर्षं पुस्तकांत तेच छापलं गेलं. २००२मध्ये तो आकडा १४५ नॉट झाला, पाचवी कॅटेगरी. वादळ तेच, विमानाची मोजणीही तीच. बदललं ते गणित. विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीवरचा वारा मोजतं आणि खालचा वारा त्यावरून काढतात. १९९७पासून विमानातून जीपीएस लावलेल्या नळ्या खाली सोडायला लागल्यावर कळलं की डोळ्याच्या भिंतीत (डोळ्याभोवतीच्या ढगांच्या कड्यात) पृष्ठभागावरचा वारा वरच्याच्या साधारण ९० टक्के असतो. तोवर गुणक त्याहून बराच कमी धरला जात होता.

१९९२ची ही कथा, तर १८९२चं काय बोलावं. फाइलमध्ये वारा पाच-पाच नॉटांच्या पायरीनेच लिहितात, १८८६च्या आधी तर दहा-दहाच्या. तेव्हा सरासरी ८७.३६४२ नॉट असं लिहून आणलंत तर मी दशांशचिन्हापासून पुढचं सगळं लाल शाईने खोडते.

संख्या सोडली तर मोजायचं काय?

एक सोपं आणि चांगलं माप आहे: संचित चक्रीय ऊर्जा. वारा ३४ नॉट किंवा जास्त असेल अशा प्रत्येक सहा तासांच्या ओळीतला वेग घ्यायचा, वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करून दहा हजारांनी भागायचं. यात छोट्या, अल्पायुषी वादळांचं वजन आपोआप कमी होतं, म्हणजे "पूर्वी दिसली नव्हती" हा दोषही कमी होतो.

फरक बघा. २०२०मध्ये विक्रमी ३० नामधारी वादळं झाली, ऊर्जा सुमारे १८०. २००५मध्ये २८ वादळं, ऊर्जा सुमारे २४५. आणि १९३३मध्ये नोंदलेली वादळं फक्त २०, तरी ऊर्जा सुमारे २५९. संख्येत पहिला आलेला ऊर्जेत मागे पडला. (२००५ची २८ ही संख्याही हंगामात २७च होती. अझोर्सजवळचं एक वादळ नंतर कागद तपासताना सापडलं.)

हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांचं २००५चं माप वेगाचा घन घेतं. घन घेतला की वेगातली चूक तिप्पट होऊन उत्तरात येते, एवढं जाणून वापरा.

मग हवामानबदलाचा ठसा आहे तरी कुठे? की सगळं नाकारायचं?

नाकारायचं अजिबात नाही. ठसा आहे, फक्त सगळे शोधतात तिथे, म्हणजे संख्येत, तो सगळ्यात पुसट आहे.

सगळ्यात ठळक पावसात. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र. ऑगस्ट २०१७मध्ये हार्वे हरिकेन ह्यूस्टनच्या आसपास चार दिवस रेंगाळलं. टेक्ससमधल्या नीदरलँड गावी १५३९ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ पडला होता, तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हार्वेचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १५ टक्क्यांनी (८ ते १९च्या दरम्यान) वाढला, असं त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासाचं उत्तर होतं. इतरांची उत्तरं त्याहून मोठी आहेत.

मग समुद्राची उधाणलाट. १९०१ ते २०१८मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी २० सेंटिमीटर वाढली. त्याच ताकदीचं वादळ आज आलं तर पाणी तेवढ्या उंचीवरून सुरुवात करतं. इथे वादळाचा डेटा लागतच नाही, भरती-ओहोटीच्या नोंदी पुरतात. फक्त गॅल्व्हेस्टनसारखी जागा निवडू नका, तिथे जमीनही खचते आहे आणि दोन्ही आकडे एकत्र येतात.

तिसरा ताकदीत. याबाबतीत जेम्स कॉसिन यांच्या गटाचं २०२०चं काम मी वर्गात दर वर्षी सांगते, कारण त्यातली युक्ती सुंदर आहे. जुन्या उपग्रहांची चित्रं भरड आणि नव्यांची बारीक, मग तुलना कशी करायची? त्यांनी नवी चित्रं मुद्दाम जुन्यांइतकी भरड केली आणि १९७९ ते २०१७ची सगळी वादळं एकाच संगणकीय पद्धतीने मोजली. चांगला डेटा हातात असून तो बिघडवायचा, तुलना प्रामाणिक राहावी म्हणून. उत्तर आलं की कुठल्याही वादळाची मोठ्या हरिकेनइतकी ताकद असण्याची शक्यता दर दशकाला सुमारे ८ टक्क्यांनी वाढते आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाचा सूरही हाच आहे: मोठ्या वादळांचं प्रमाण चार दशकांत वाढलं असण्याची शक्यता दाट, एकूण संख्येच्या दीर्घ कलाबद्दल मात्र खात्री कमी.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर आलेलीच वादळं घेतली तर? ती तर चुकायची नाहीत.

नोंद सुधारते, पण संख्या फार लहान होते. मोठं हरिकेन तिथे सरासरी दोन वर्षांत एखादं येतं. ऑक्टोबर २००५च्या विल्मानंतर ऑगस्ट २०१७च्या हार्वेपर्यंत एकही आलं नाही, जवळजवळ बारा वर्षं. त्या काळात "कुठंय हवामानबदल?" असे लेख निघाले, २०१७नंतर उलटे निघाले. दोन्ही योगायोगावर उभे होते. शिवाय त्याच ‘कोरड्या’ वर्षांत २००८चं आयक आणि २०१२चं सँडी येऊन गेलं. वाऱ्याच्या कॅटेगरीत बसली नाहीत म्हणून यादीत नाहीत. सँडीत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरलेल्या पाण्याला कॅटेगरी ठाऊक नव्हती.

नुकसानीचे डॉलर वापरू का?

नको. किनाऱ्यावर घरं वाढली, घरांच्या किमती वाढल्या, विम्याची पद्धत बदलली. आजच्या वस्तीवर जुनी वादळं ‘पाठवून’ हिशेब केला तर यादीच्या वरच्या टोकाला १९२६चं मायामीचं वादळ येतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खुशाल करावं.

एक्सेलमध्ये कलरेषा काढली तर चालेल?

बघायला चालेल, निष्कर्षाला नाही. वादळांची संख्या हे ०, १, २ असं मोजलेलं माप आहे, त्याला प्वासाँ समाश्रयण (पॉयसन रिग्रेशन) लागतं. प्रचरण (व्हेरिअन्स) सरासरीपेक्षा बरंच जास्त निघालं (निघतंच) तर ऋण द्विपद (निगेटिव्ह बायनॉमिअल). सोबत एल निनोचा निर्देशांक घाला, कारण एल निनोच्या वर्षी अटलांटिकवर वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतला फरक वाढून वादळांची मान मोडते. आणि सुरुवातीचं वर्ष १८५१, १९००, १९४४, १९६६, १९८० असं बदलून पाच वेळा करा. पाचही उत्तरं एकाच तक्त्यात दाखवा. मी गुण त्या तक्त्याला देते.

अरबी समुद्रावर हेच करता येईल का?

येईल, आणि निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२०ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपाऱ्या-नारळी झोपवल्यापासून कोकणातली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०२१चा अभ्यास आहे: १९८२ ते २०१९मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. २०१९मध्ये एकट्या अरबी समुद्रात पाच झाली, त्यातलं क्यार तर ‘सुपर’ वर्गातलं.

मात्र टक्के वाचताना मूळ आकडा बघा. इथे वर्षाला सरासरी एखाद-दोनच वादळं होतात, ५२ टक्के ऐकायला जितकं वाटतं तितकी वादळं ती नव्हेत. दुसरं, आपलं हवामान खातं तीन मिनिटांच्या सरासरीने वारा देतं, अमेरिका एका मिनिटाच्या. एकाच वादळाचे दोन आकडे दिसले तर कोणी खोटं बोलत नाहीये. तिसरं, जागतिक अभ्यासांत वापरलेली या समुद्राची उपग्रहचित्रं १९९८पर्यंत बरीचशी तिरकी होती. त्या वर्षी मेटिओसॅट-५ हा युरोपचा उपग्रह ६३ अंश पूर्वेला आणून ठेवला आणि वादळं समोरून दिसू लागली. अटलांटिकची गोष्ट इथे उशिरा पुन्हा घडली आहे.

१८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसं मेली, ते घ्यायचं का?

नाही, कारण ते झालंच नाही. हा आकडा भयंकर वादळांच्या याद्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. शोधणाऱ्यांना मुंबईच्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत त्याचा मागमूस लागला नाही. शहरातली लाखभर माणसं एका दिवसात गेली आणि वर्तमानपत्रात ओळ नाही, हे कसं होईल? अटलांटिकच्या यादीत झालेली वादळं गळलीत, आमच्या यादीत न झालेलं घुसलं.

गेल्या वर्षी सीनियरने हेच केलं, तिचं उत्तर माझ्याशी जुळत नाही. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. दर हंगामानंतर नव्या वर्षाच्या ओळी जोडल्या जातात आणि जुन्या दशकांचं पुनर्विश्लेषणही चालू असतं, त्यामुळे कित्येक दशकांपूर्वीची वादळंसुद्धा अजून हलतात. फाइलच्या नावात तारीख असते. ती पहिल्या पानावर लिहा, कोणत्या दिवशी उतरवली तेही लिहा, आणि ती फाइल प्रोजेक्टसोबत पेनड्राइव्हमध्ये द्या.